राणी न्हाणीघरात असताना

गेल्या उन्हाळ्यात आमचं न्हाणीघर एका कुत्रीच्या ताब्यात होतं.

तिला घरी आणलं प्रज्ञानं. प्रज्ञा माझी एकुलती एक लेक, ढोकीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. ऊसतोड संपून रान मोकळं झालं, तेव्हा बांधावरच्या एका खांबाला ही कुत्री तारेनं बांधलेली सापडली. कुणी बांधली, का बांधली, ते तिचं तिलाच ठाऊक. तार मानेत रुतली होती. जखम प्रज्ञानं भरून आणली. पण माणूस दिसला की कुत्री जागच्या जागी मुतायची आणि भिंतीकडं तोंड करून थरथरत उभी राहायची.

"बाबा, हिला पाळायचं न्हाय, नुसतं सांभाळायचं," प्रज्ञा म्हणाली. "माणसाची भीती गेली की चांगलं घर बघून देऊ. तुमी तर घरीच असताव."

(निवृत्त माणूस म्हणजे घरात पडून असलेली रिकामी बरणी. ज्याला जे सापडेल ते त्यात भरून ठेवतो!)

माझी नोकरी एसटीत झाली. आमच्या गल्लीपलीकडच्याच येरमाळ्याच्या स्टँडवर मी गाड्या पुकारायचो. माइक बंद पडला तरी कळंबच्या प्रवाशाला हॉटेलातल्या भज्यावरून उठवायची ताकद माझ्या आवाजात होती. त्याच आवाजात, अगदी प्रेमानं, मी दारात स्वागत केलं, "या, या राणीसाहेब!"

राणीसाहेब माझ्या दोन पायांमधून सुटल्या, स्वयंपाकघरातून पळाल्या आणि थेट न्हाणीत, पाण्याच्या पिंपामागं जाऊन बसल्या. नाव राणी पडलं आणि मुक्काम न्हाणीत पडला.

प्रज्ञानं मला समोर बसवून नियम सांगितले. मोठ्यानं बोलायचं नाही. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोक्यावरून हात न्यायचा नाही. भाकरी दुधात कुस्करून ठेवायची आणि तिच्याकडं पाठ करून गप बसायचं.

"किती येळ?"

"तिला वाटंल तवर."

"आणि तिला वाटलंच न्हाय तर?"

"तर उद्या परत बसायचं, बाबा."

मी बसू लागलो. न्हाणीच्या उंबऱ्यात, पाट टाकून, पाठ आत आणि तोंड स्वयंपाकघराकडं. सुमन, म्हणजे माझी बायको, समोर भाकऱ्या थापायची. मी तिच्याशी कुजबुजत बोलायचो. पहिल्या दिवशी तिनं तवा उतरवला आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"लग्न झाल्यापासून एवढं हळू माझ्यासंग कधी बोलला न्हाईत तुमी," ती म्हणाली. "त्यासाठी कुत्री आणावी लागली!"

हळूहळू सगळं घरच कुजबुजायला लागलं. कुकरच्या शिट्टीला राणी पिंपामागं डोकं आपटून घ्यायची, म्हणून कुकर माळ्यावर गेला. टीव्ही मुका झाला. बातम्या देणारी माणसं नुसते हातवारे करायची; तरी आम्हाला देशाचं काय चाललंय ते कळायचं. अंघोळीसाठी सुमन आणि प्रज्ञानं परसात जुन्या साड्यांचा आडोसा केला. त्या आडोशात माझी उंची काही मावली नाही, तेव्हा मी खांद्यावर टॉवेल टाकून शेजारच्या मुश्ताकभाईकडं जाऊ लागलो.

मुश्ताकभाईचं पंक्चरचं दुकान, मागं घर. माणूस दिलदार. रोज विचारायचे, "क्या हुआ साहेब, भाभीनं अंघोळ बंद केली का काय?"

"राणी आहे न्हाणीत," मी सवयीनं कुजबुजायचो.

ते मान खाली घालून बादली पुढं करायचे. मी मनात म्हणायचो, किती समजूतदार शेजारी! त्यांना आमच्या घरी कुत्री आलीय हेच माहीत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

खरं सांगतो, पहिले काही आठवडे मला हा उद्योग फुकटचा वाटत होता. मी उठून गेल्यावरच भाकरी संपायची. मग एकदा, मी बसलेलो असताना, मागं लपलप आवाज आला. मी मान वळवली नाही. सुमनच्या हातातला गोळा तसाच राहिला. तिनं डोळ्यांनीच मला सांगितलं, खातीय. त्यानंतर किती दिवस गेले कोण जाणे, एका दुपारी माझ्या पाठीला काहीतरी गार, ओलं लागलं. राणीचं नाक. त्याच वेळी माझ्या कानावर एक डास येऊन बसला. उभ्या आयुष्यात माझं एवढं निवांत रक्त कुणी प्यालं नसेल. पण मी हललो नाही. नाक पाठीवरून फिरलं, मानेपाशी थांबलं, परत गेलं. माझे डोळे भरून आले. "डास चावला," मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय व्हय, दिसलं मला."

इकडं गावात मात्र वेगळंच शिजत होतं. स्टँडवरचे पुकारणारे साहेब अचानक मुके झाले. घरातून भांडणाचासुद्धा आवाज येत नाही. रोज टॉवेल घेऊन परक्याच्या घरी अंघोळीला जातात. आणि कोण ती राणी, ती त्यांच्याच न्हाणीत राहते! एवढं सगळं एकत्र केल्यावर जे व्हायचं तेच झालं. तुळजापूरला माझा मेहुणा दिनकर राहतो, त्याच्यापर्यंत निरोप गेला की तुमच्या बहिणीच्या संसाराचं काही खरं नाही.

दिनकर त्याच दिवशी बुलेटवर बसून आला. पुढच्या दारात गाडी फाटफाट करत थांबली. त्यानं दार ढकललं आणि आपल्या आक्काच्या काळजीपोटी घसा फोडून विचारलं, "कुठं हाय ती राणी?"

राणी त्या वेळी नेमकी माझ्या शेजारी आली होती. पहिल्यांदाच न्हाणीच्या बाहेर, फरशीवर बसली होती. ती उडाली, दिनकरच्या पायांतून बाहेर गेली, गल्ली ओलांडून थेट स्टँडात शिरली. स्टँडापलीकडं हमरस्ता. त्या रस्त्यावर कुत्र्यांचं काय होतं ते मी नोकरीत असताना फार बघितलंय.

मी अनवाणी धावलो. आयुष्यभर कमावलेला आवाज गळ्यापर्यंत आला होता, "राणी!" म्हणून. पण तो गिळला. त्या आवाजानं ती रस्त्यावरच गेली असती. कळंबची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन सुरू होतं, आणि मागच्या चाकापाशी, गाडीखाली, मला चार थरथरणारे पाय दिसले.

मी ड्रायव्हरपुढं जाऊन हात जोडले आणि इंजिन बंद करायची खूण केली. त्यानं बंद केलं. मग मी जमिनीवर आडवा झालो, सरपटत गाडीखाली गेलो आणि राणीकडं पाठ करून पडून राहिलो.

"आरं, म्हातारा गाडीखाली गेला!" एक बाई ओरडली.

बघता बघता गाडीभोवती पायच पाय दिसायला लागले. त्यातले दोन मुश्ताकभाईंचे होते. ते गुडघ्यावर बसून आत वाकले. रडवेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, जान इतकी सस्ती असती का? घराघरात भांडणं होतात!"

"हळू बोला," मी कुजबुजलो.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" मागून विचारणा झाली.

"बोलायला बी होईना त्यांना!"

एवढ्यात दिनकरचं तोंड दिसलं. घामेजलेलं. "दाजी, चुकलो मी! राणीला ठेवा, कुणाला बी ठेवा! आक्काला मी समजावतो! पण बाहेर या!"

कंडक्टर वेगळ्याच काळजीत. "साहेब, गाडी लेट होऊ लागलीय ओ." नोकरीत असताना लेट गाडीवरून मी किती ड्रायव्हरांना धारेवर धरलं असेल! आता मीच तिच्याखाली आडवा पडून तिला लेट करत होतो.

तेवढ्यात माझ्या मागं काहीतरी हललं. गरम श्वास पाठीला लागला. मग राणी सरकत आली, तिनं माझ्या काखेत तोंड खुपसलं आणि सगळं अंग माझ्यावर सोडून दिलं. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर धाडधाड वाजत होतं. बाहेर एवढी माणसं, एवढा कल्ला, आणि ती पळून आली होती ती माणसाकडंच. मी तसाच पडून राहिलो. कळंबला जायची घाई असलेल्या सगळ्या प्रवाशांची मी इथं मनापासून माफी मागतो.

मी राणीला छातीशी धरून बाहेर आलो, तेव्हा गर्दी दोन पावलं मागं सरली.

"ही राणी?" दिनकरनं विचारलं.

"ही राणी," सुमन म्हणाली. ती मागून धापा टाकत पोचली होती. तिनं भावाकडं असं बघितलं की तो चहासुद्धा न घेता तुळजापूरला परतला.

पुढं राणीला घर मिळालं. अणदूरच्या सरोजबाई, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्या कित्येक रविवारी येऊन आमच्या उंबऱ्यात पाठ करून बसल्या, तेव्हा प्रज्ञानं होकार दिला. राणी त्यांच्याबरोबर रिक्षात चढली आणि सरळ पुढं बघत गेली. मला वाटलं होतं, एकदा तरी वळून बघेल. "न्हाय बघितलं, म्हणजे भीती गेली, बाबा," प्रज्ञा म्हणाली. मी हो म्हणालो आणि मोकळ्या न्हाणीत जाऊन बराच वेळ अंघोळ केली.

दिवाळीनंतर मला राहवेना. हेल्मेट, जर्किन घालून गाडीवरून अणदूर गाठलं. सरोजबाईंच्या अंगणाचं फाटक उघडलं आणि आतून एक तांबडी कुत्री भुंकत, दात विचकत माझ्या अंगावर आली! आमच्याकडं असताना तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो असा. मी हौदाच्या कठड्यावर कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. एक चप्पल खाली राहिली.

राणीनं चप्पल हुंगली. थांबली. परत हुंगली. मग शेपटीसकट अख्खं अंग हलवायला लागली आणि हौदाखाली पोट वर करून लोळली.

सरोजबाई धावत आल्या. "अहो, उतरा की आता. ओळखलंय तिनं तुम्हाला."

"तिनं ओळखलंय," मी म्हणालो. "पण माझ्या पायांना अजून पटलेलं न्हाय."

बाईंनी जरा वाट बघितली. मग आत जाऊन कप भरून आणला, आणि मी चहा हौदावर बसूनच घेतला.