दर्याला दिलेलं जाळं

आमच्या घरात जुनं जाळं फेकून देत नसत, दर्याला देत. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होड्या पावसानंतर पहिल्यांदा बाहेर निघायच्या. तेव्हा शिवून शिवून कामातून गेलेलं जाळं हळद-कुंकू लावून, दगड बांधून खाडीच्या तोंडाशी सोडायचं. दगड बांधायचे घरच्या बायकांनी. लग्न होऊन मी तोंडवलीजवळच्या या वाडीत आले, त्याच वर्षी सासऱ्यांनी पाहिलं की माझी गाठ सुटत नाही. तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

तेव्हा जाळी सुताची. ती टिकावीत म्हणून ऐनाची साल उकळून त्या काढ्यात वरचेवर बुडवावी लागत. माझे हात कोपरापर्यंत तांबडे-काळे असायचे. एवढं करूनही सूत कुजायचंच. दर्यात सोडलेलं जाळं पुढच्या पौर्णिमेपर्यंत नावालाही उरत नसे. मग साठ सालानंतर नायलॉन आलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सालीची कढई पालथी घातली आणि महिन्याभराने स्वच्छ निघालेले हात मी सासूला नेऊन दाखवले.

चार-पाच वर्षांनी आमचं पहिलं नायलॉनचं जाळं खडकावर फाटलं, ते शिवण्यापलीकडे. सासऱ्यांनी ते पौर्णिमेसाठी बाजूला काढलं. त्याच जाळ्याचा, शिवताना कापून टाकलेला एक तुकडा मी काही वर्षांआधी माडाच्या आळ्यात पुरला होता, सुताचे खत म्हणून पुरायचो तसाच. दोन पावसाळ्यांनी आळं खणलं तर तुकडा धुऊन ठेवल्यासारखा वर आला. मी तो सासऱ्यांपुढे धरला.

"मामानू, ह्या कुजणा नाय."

"दर्यान गलबता गिळल्यान, ह्या जाळा गिळूक तेका किती येळ लागतलो?" ते हसले. "आता बायलमाणूस माका जाळ्यातला शिकवतला!"

नवराही हसला. बापासमोर त्याला दुसरं काही येतही नसे. मी दगड बांधले, घट्ट बांधले. माझी गाठ सुटली नाही, पण परतीच्या पावसाच्या पाण्याने जाळं दगडांसकट लोटत आणलं आणि तिसऱ्यांच्या पुळणीवर पसरून टाकलं.

ही पुळण म्हणजे खाडीतला, ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा पट्टा. तिथल्या तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, बायकांच्या. होडी रिकामी आली तरी आमच्या घरात कालवण शिजायचं ते सासू कमरेएवढ्या पाण्यातून टोपली भरून आणायची म्हणून. सगळी पोरं तिने त्यावर वाढवली होती. कोणापुढे हात पसरला नाही, हे ती वर्षातून दहा वेळा सांगायची आणि आम्ही दहा वेळा ऐकायचो.

आता जाळ्यात चिखल धरला होता. खाली तिसऱ्या गुदमरून तोंड वासून पडलेल्या, वर कुर्ल्या, खेकड्या अडकून सडलेल्या. नाक धरून आम्ही बायका परत आलो. सासूने सासऱ्यांना एवढंच म्हटलं, ता जाळा काढून टाका.

"दर्याक दिलेला परत आणूचा नसता," ते म्हणाले. "घरावर संकट येता."

वाडीतला एकूण एक पुरुष त्यांच्या बाजूचा. वादळाला न भिणारे हे गडी एका फाटक्या जाळ्याला हात लावायला भ्याले. रोज त्यावरून होड्या हाकायचे आणि खाली बघायचे नाहीत. मला त्यांचा संताप यायचा, अजून येतो.

त्या वर्षी मासळी धड नव्हती. एका दुपारी सासू पदराखाली वाटी झाकून शेजारच्या घरातून येताना दिसली. वाटीत सुक्या बांगड्याचे दोन तुकडे होते. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी कोयता घेऊन निघाले, तर ती मागून आली. दोघींनी दिवसभर जाळं कापलं, ओढलं, घामाने आणि खाऱ्या पाण्याने हात सोलवटले. ते काठावर आणून टाकलं तेव्हा वाडी दारातून बघत होती, मदतीला एकही बाई आली नाही.

सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. पुढे रापणीचं जाळं रिकामं आलं की बोट माझ्याकडे वळायचं. आणि तिसऱ्या? त्या वर्षी आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. सासू तरी जाऊन वाळू उकरून बघायची.

जाळं काढल्यानंतरची पहिली पौर्णिमा आली. अंगणात दुसरं नायलॉनचं जाळं आणि दगड ठेवलेले. सासऱ्यांनी नवऱ्याकरवी मला हाक मारली. मी दारातूनच सांगितलं, "माझ्यान ह्या होवचा नाय." मारलं असतं तरी बांधणार नव्हते.

सासू उठली, अंगणात बसली आणि दगड पुढे ओढून जाळ्याला दोरी घालू लागली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"आये, तू?"

"तुझो घोव तुका सांभाळून घेतलो," ती हळूच म्हणाली. "माका ह्याच माणसाबरोबर ह्याच घरात रवाचा आसा गो."

ती पुन्हा दोरीकडे वळली. पण आदल्या सालच्या सोलवटलेल्या बोटांत तिच्या जोर उरला नव्हता, गाठ काही केल्या आवळेना. सासरे ओटीवरून बघत होते. दगड सुटला असता तर बोल तिला लागला असता.

मी खाली बसले, दोरी घेतली आणि गाठ आवळली.