आकृती तीनमधली खाच

माझ्या घराच्या दाराची कडी त्याने तीन वेळा बदलली, आणि तिन्ही वेळा मी त्याला सांगितलेलं नव्हतं. तो यायचा, बसायचा, आणि चहा होईपर्यंत घरातली एखादी धडधाकट वस्तू त्याच्या मांडीवर खोललेली असायची. "जरा फरक केलाय, सर," असं म्हणून तो ती पुन्हा जोडायचा. वस्तू पहिल्यापेक्षा बरी चालायची, हे मान्य. पण तिसऱ्या कडीनंतर माझ्या बायकोला स्वतःचंच दार आतून उघडता येईना आणि तिला खिडकीतून शेजारणीला हाका माराव्या लागल्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

मी परभणीच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. तो माझा विद्यार्थी, आणि ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास. हात वाईट नव्हता. रेषा काढता काढता त्याला त्या वस्तूत सुधारणा सुचायची आणि प्रश्नपत्रिकेतला नट सोडून तो भलताच नट काढायचा. विचारलं तर म्हणायचा, "तो लवकर झिजंल, सर." पुढे तो एमआयडीसीत शेतीच्या पाइपांच्या कारखान्यात लागला आणि वीस वर्षं तिथे फोरमन होता. तिथे त्याने केलेल्या चार-पाच गोष्टी मालकाच्या नावाने छापील पत्रकात झळकल्या. पत्रक मला दाखवायला तोच यायचा, मोठ्या कौतुकाने. संताप मला यायचा.

मग त्याने स्वतःचं छोटं शेड टाकलं. एक मशीन, दोन गडी आणि मशीनवर शेवंताबाई नावाची एक जाणती बाई. जुनं प्लास्टिक दळायचं, वितळवायचं आणि साच्यातून दाबून त्याचा पाइप काढायचा, हा धंदा. साच्याच्या आधी तारेची एक जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी. भंगारातल्या प्लास्टिकमध्ये माती, कागद, काय वाटेल ते निघतं, त्यामुळे जाळी दिवसातून कितीदा तरी तुंबते. तुंबली की मशीन थांबवा, तापलेले बोल्ट खोला, जाळी बदला. तोवर आतला माल घट्ट व्हायला लागतो आणि पुढचा पाइप वाकडा येतो.

त्याने यावर एक जाड लोखंडी पट्टी केली. पट्टीत शेजारी शेजारी दोन जाळ्या. दांडा ओढला की तुंबलेली जाळी बाहेर, स्वच्छ जाळी आत, आणि मशीन आपलं चालूच. पट्टीच्या कडेने त्याने एक नागमोडी खाच पाडली होती. वितळलेलं प्लास्टिक आपणहून त्या खाचेत जाऊन बसायचं आणि गळती बंद करायचं. मी ती खाच पाहिली आणि म्हणालो, याचं पेटंट घ्यायचं.

"खामखा कशाला, सर?"

"तुझं नाव लागावं म्हणून. आतापर्यंत दुसऱ्यांची लागली तेवढी पुरे."

"माझं नाव लागून पाइप काय जास्त सरळ येणार हाय का?"

असल्या माणसाशी वाद कोण घालणार? मीच कागदपत्रं जमवली, पुण्याचे एक पेटंटवाले वकील गाठले आणि ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली काढला. तो बोर्ड बघितल्यावर मात्र तो हो म्हणाला. वकील म्हणाले, कॉम्प्युटरवर काढून घेऊ. मी म्हणालो, हे मी हाताने काढणार. सात आकृत्या काढल्या. त्यातली तिसरी, खाचेचा छेद दाखवणारी, मला चार दिवस पुरली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला सकाळी उठावंसं वाटत होतं. तिची एक प्रत मी फ्रेम करून बैठकीत लावली. बायको म्हणाली, "देवाच्या शेजारी कशाला?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

अर्ज गेला आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. महिन्याभराने शेडवर गेलो तर दांडा डावीकडून उजवीकडे आलेला.

"जरा फरक केलाय, सर. शेवंताबाईला तिकडून जमंना."

"अरे, अर्ज दिलाय आपण. अर्जात जे लिहिलं तेच धरलं जातं. नंतर त्यात नवीन काही घालता येत नाही, असा कायदा आहे."

"कायद्याला कुठं जाळी बदलायची असती?" तो म्हणाला, आणि पाना घेऊन पुन्हा मशीनखाली शिरला.

पुढच्या खेपेला पट्टीची जाडी वेगळी. त्याच्या पुढच्या खेपेला मी पट्टीकडे बघायचंच सोडून दिलं. शेवटी हात जोडून सांगितलं, की बाबा, निदान एक नग अर्जात आहे तसाच ठेव, त्याला हात लावू नको, उद्या दाखवायची वेळ आली तर लागेल. त्याने आईची शपथ घेतली. महिन्याभराने तो नग पिंगळीच्या एका कारखान्यात बसवलेला निघाला.

"त्यांचं मशीन बंद पडलं होतं, सर. बंद मशीन मला बगवत न्हाई."

"ते तुझ्याच धंद्यातले लोक आहेत."

"मशीनला काय म्हाईत?"

दीड-दोन वर्षांनी पेटंट कार्यालयातून परीक्षणाचा अहवाल आला. बारा पानं, इंग्रजीत. परीक्षक कोण कुठला, पण प्रामाणिक माणूस असावा. त्याने माझ्या सातही आकृत्या बारकाईने पाहिल्या होत्या आणि सहांमध्ये खोट काढली होती. मुख्य आक्षेप असा, की सरकत्या पट्टीत नवीन काही नाही, अशा पट्ट्या जगात आधीपासून आहेत. पुराव्यादाखल त्याने परदेशातली दोन जुनी पेटंटं जोडली होती. मी रक्तदाबाची गोळी घेतली आणि माझ्या विद्यार्थ्याला बोलावलं.

मला वाटलं होतं, खचेल. त्याने त्यातलं पहिलं पेटंट उचललं, आकृतीचं पान खिडकीपाशी नेलं आणि पाच-सात मिनिटं रेषांवरून बोट फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा असा फुलला, की जणू हरवलेला भाऊ सापडला.

"सर, ह्याचंबी मशीन भंगारावर चालायचं बगा."

"कशावरून?"

"जाळीपुढं केवढी जागा सोडलीय. चांगल्या मालाला एवढी लागत न्हाई. आन दांड्याला हितं पत्रा लावलाय, म्हंजे त्याच्याकडं कुणाचा तरी हात भाजलेला हाय." त्याने पुन्हा कागद निरखला. "हा राहतो कुठं? फोन लागंल का?"

"अरे, पन्नास वर्षांपूर्वीचं आहे ते. गेला असेल तो आता."

"हां," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाईट वाटलं. "पण मला सुचलं ते त्यालाबी सुचलं होतं. म्हंजे मी काय येडा न्हाई."

"तू नाहीस. मी आहे," मी म्हणालो.

वकिलांनी दोन्ही जुनी पेटंटं तपासली आणि फोनवर निकाल सांगितला. पट्टी जुनी, दांडा जुना, दोन जाळ्यांची कल्पना जुनी. नवीन आहे ती फक्त खाच. सगळी भिस्त आकृती तीनवर. मी फ्रेमकडे पाहिलं आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. उत्तर गेलं, आणि काही महिन्यांनी सुनावणीची तारीख आली. सुनावणी व्हिडिओवर होणार होती, माझ्याच घरी, सुनेच्या लॅपटॉपवर.

मी त्याची उजळणी घेतली, विद्यार्थ्याची घेतात तशी. "खाचेबद्दल विचारलं तर काय सांगशील?"

"सर, त्या खाचेचं जरा..."

"जरा-बिरा काही नाही. वितळलेलं प्लास्टिक खाचेत बसतं, गळती थांबते. एवढंच. बाकीचं वकील बोलतील."

"व्हय. पण सर, ती खाच..."

"मधे बोलू नको म्हटलं ना!"

सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. पडद्यावर एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला निर्णय देणारे अधिकारी, सौम्य बोलणारे गृहस्थ. वकिलांनी पंधरा मिनिटं खाचेची आरती ओवाळली. साहेब मधून मधून मान हलवत होते. मला वाटलं, जमलं. मग साहेब हिंदीत त्याला म्हणाले, की तुमची ही कल्पना चांगली आहे, ही खाच किती दिवस असं काम देते?

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"साब, वो खाच तो मैं निकाल डाला."

पडद्यावर वकिलांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी विचारलं, का काढली? तेव्हा त्याने आपल्या परभणीच्या हिंदीत सगळं सांगितलं. खाच आठ-दहा दिवस चांगली चालते. मग तिच्यातला माल जळून दगडासारखा होतो, मागे दाब साठतो, आणि दांडा ओढला की गरम प्लास्टिक पिचकारीसारखं उडतं. शेवंताबाईचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. दोन महिने ती घरी होती.

"अच्छी चीज नहीं है, साब," तो म्हणाला. "मेरा नाम देख के कोई बनाएगा, उसका हाथ जलेगा."

साहेब लिहीत राहिले. मग त्यांनी विचारलं, आता त्या जागी काय लावलंय? झालं, त्याची कळी खुलली. आता एक चकती आहे, साहेब. आधी चकती फिरवायची, दाब उतरतो. दाब उतरल्याशिवाय दांडा हलतच नाही, कितीही ओढा. माझा पेन आणि चहाची बशी घेऊन त्याने कॅमेऱ्यासमोर ते करून दाखवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे उत्तम आहे, पण हे तुमच्या अर्जात नाही.

"नहीं है, साब," तो म्हणाला.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सगळं बोलून झाल्यावर विचारलं, "बाईचा हात भाजला तेव्हा मला का सांगितलं नाहीस?"

त्याने भिंतीकडे हात केला. "तुमी ते चित्र फ्रेम करून लावलं होतं ना, सर. चहाला आलो की समोर तेच. कसं सांगावं म्हणलं."

वकिलांचा फोन आला. ते अजून आशावादी होते. चकतीचा नवीन अर्ज करता येईल म्हणाले, अट एकच, ती अजून बाहेर कोणी वापरलेली नसावी. मी त्याला विचारलं, चकती किती ठिकाणी बसवलीस? तो बोटांवर मोजायला लागला. झरीच्या रस्त्याला दोन, पिंगळीला एक, चुडाव्याला एक, एमआयडीसीत चार.

"बसवायला बोलावलं तर काय न्हाई म्हणू, सर? तिथं बी बायाच हायेत मशीनवर."

मी वकिलांना राहू द्या म्हटलं आणि फोन ठेवला. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. सोळाव्या दिवशी तो काही न झाल्यासारखा आला, चहा प्याला आणि माझा पंखा खोलून बसला. मी तोंड फिरवून पेपर वाचत राहिलो.

त्यानंतर महिन्याभराने तो गेला. चुडाव्याला एक मशीन बघायला गेला होता, तिथेच छातीत दुखायला लागलं. गाडीत घालून परभणीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

निकाल आला तेव्हा त्याला जाऊन दीड महिना झाला होता. मी छापून घेतला आणि त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि समोर बसली. नामंजूर झालं, एवढं सांगून टाकलं. मग घाईघाईने मधला एक परिच्छेद काढला आणि तिला मराठीत सांगितला. अर्जदाराने काही न लपवता, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की या खाचेमुळे काम करणाऱ्याचा हात भाजतो आणि म्हणून आपण ती काढून टाकली आहे.

"हे सरकारी कागदात लिहिलंय?"

"लिहिलंय. कोणालाही बघता येईल."

"आन नाव?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जिल्हा परभणी. तिने कागद लांब धरून पाहिला, मग माझ्याकडे परत दिला.

"तुमीच ठेवा, सर," ती म्हणाली. "त्या सुनावणीच्या दिवशी तुमच्याकडून आले तवा जेवलेच न्हाईत. म्हणले, माझं काय, मी दुसरं करीन. पण सरांचं एवढं चांगलं चित्र माझ्यापायी वाया गेलं. त्या चित्रापायी सरांचं नाव व्हायला पायजे होतं, म्हणूनच मी हो म्हणलो होतो."

अडीच-तीन वर्षं मी त्या माणसावर ओरडत होतो, तुझ्या नावासाठी करतोय म्हणून. त्याने एकदा तरी हे तोंडावर बोलायचं होतं. मला त्याचा इतका राग आला, जितका त्याच्या जिवंतपणी कधी आला नव्हता, आणि मी त्याच्या बायकोसमोर बसून रडलो.