पाच मिलीची पिपेट

चाकणच्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट आहे, तिथे पोलादी क्लिपांवर जस्ताचा मुलामा चढतो. त्याआधी गंज काढायला क्लिपा ॲसिडच्या टाकीत बुडवतात. टाकीतलं ॲसिड किती तेज उरलंय, हे रोज सकाळी मोजायचं माझं काम. पिपेटच्या काचनळीने दहा मिली नमुना घ्यायचा, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटच्या आखीव नळीतून कॉस्टिकचं द्रावण सोडत राहायचं. तांबड्याचं पिवळं झालं की थांबून आकडा वाचायचा; आकडा जितका लहान, तितकं ॲसिड कमजोर. रोज गणित मांडायला नको म्हणून मीच एक तक्ता करून भिंतीवर लावला होता: एवढा आकडा आला तर एवढे कॅन ॲसिड. चिठ्ठीवर कॅनची संख्या लिहायची, खाली माझी सही. या तक्त्याचा मला भारी अभिमान होता.

टाकीवर चाचा होते. मूळचे परभणीकडचे, ठेकेदाराचे कामगार, बारा वर्षं त्याच टाकीवर. त्यांची लॅब म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यातले गंजलेले खिळे. खिळा तारेला अडकवून टाकीत सोडायचे आणि ओठातल्या ओठात आकडे मोजायचे. चाळिसाच्या आसपास खिळा स्वच्छ झाला की टाकी ठीक. बहुतेक वेळा आमची दोघांची उत्तरं जुळायची.

"चाचा, मग मला पगार कशाला देतात?" मी एकदा विचारलं.

"खिळ्याला सही करता येत न्हाई, म्याडम," ते म्हणाले.

त्या दिवशी दहा मिलीची पिपेट माझ्या हातातून निसटली आणि बेसिनमध्ये फुटली. नवी मागवायची म्हणजे अर्ज, मंजुरी आणि वर आठवडाभर वाट. मी पाच मिलीची घेतली. दोनदा भरायची, एवढंच तर होतं. एकदा भरून सोडली आणि फोन वाजला. रहाटणीहून आई. सोसायटीत पाण्याचा टँकर आला नव्हता, ते तिला मलाच सांगायचं होतं. फोन ठेवला आणि दोन्ही वेळा भरून झाली असं समजून मी पुढे निघाले. आकडा अर्थातच निम्मा आला. तक्ता म्हणाला, चार कॅन.

चाचांनी चिठ्ठी पाहिली आणि तारेला लटकलेला चकचकीत खिळा माझ्यापुढे धरला.

"एकेचाळीसला साफ झाला. टाकी चांगली हाय. चार कॅन नका टाकू."

मी हसले. अगदी मोठ्याने हसले, ते आठवलं की आजही कान तापतात. "चाचा, ब्युरेट खोटं बोलत नाही," मी म्हणाले. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, हातमोजे चढवले आणि चार कॅन ओतले.

फार तेज ॲसिडात पोलाद ठिसूळ होतं. तीन दिवसांनी ग्राहक कंपनीत आमच्या क्लिपा बसवताना तुटायला लागल्या. त्या मालाच्या चिठ्ठीची फाइलमधली प्रत काढली, तारीख पाहिली, आणि मला फुटलेली पिपेट आणि मधेच आलेला आईचा फोन आठवला. पाच मिली घेऊन मी दहाचा तक्ता वापरला होता.

मी तडक मॅनेजरकडे गेले. "सर, चूक माझी आहे." त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहासुद्धा मागवला. मग म्हणाले, "तुमचं खरं असेल मॅडम. पण लॅब चुकली असं लिहिलं, तर तुमच्या सहीचा सगळा माल परत येईल. ऑपरेटरने जास्त ओतलं, हे एका ओळीत मिटतं."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"ग्राहकाला तसं पत्र गेलंय," ते म्हणाले.

मी भांडले, रडले, राजीनामा देते म्हणाले. त्यांनी खुशाल द्या म्हटलं. पत्र काही बदलणार नव्हतं. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं. गुन्हेगार स्वतः कबूल करतोय आणि कुणाला तो नकोच आहे.

चाचांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. गेटबाहेर ते माझ्यासाठी थांबले होते. मला शिव्या हव्या होत्या, त्यांनी दिल्या नाहीत.

"ठेकेदार समद्यांना सांगत सुटलाय. दुसरीकडं कोन घेनार? चूक माझी न्हवती, एवढं लिहून देता का?"

मी सगळं लिहिलं. पाच मिली, दहा मिली, खिळा, एकेचाळीस. खाली ठळक सही केली. दोन दिवसांनी कुठल्याशा कंपनीच्या गेटवरून त्यांचा फोन आला.

"म्याडम, शिक्का मागतेत."

कंपनीचा शिक्का ऑफिसच्या कपाटात. तिथल्या बाईंनी कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि दुसऱ्या कामाला लागल्या. मी चाचांना तसं सांगितलं. ते "असू द्या" म्हणाले आणि परभणीला निघून गेले.

आता टाकीवर नवा ऑपरेटर आहे. रोज सकाळी मी त्याला चिठ्ठी देते आणि तो लिहिलेत तेवढे कॅन ओततो. त्या चिठ्ठीवर फक्त माझी सही असते. तिच्यावर त्याने अजून एकदाही शिक्का मागितलेला नाही.