कापूरचा सोमवार

पिल्लू टेबलावर आडवं पडलं होतं. मान मागे ताणलेली. चारही पाय पाण्यात पोहत असल्यासारखे हलत होते. अंगाला हात लावला तर गार. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढुरक्या होत्या.

"मिरगी हाय मॅडम," दारातून आवाज आला. "ही तिसऱ्यांदा आली."

बोलणारे मन्मथअप्पा. ताडकळसला त्यांचं आडतीचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर उपरणं, चेहरा काळजीने उतरलेला. सोबत त्यांची बायको, म्हणजे काकू, आणि सून पूजा. पिल्लू ज्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, तो रिकामा टॉवेल तिने अजून तसाच धरून ठेवला होता, जणू आत काहीतरी आहे.

मी परभणीत एका खाजगी पेट क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून काम करते. त्या संध्याकाळी आमचे मोठे डॉक्टर, सर, घरी गेले होते. क्लिनिकच्या शुगर मशीनच्या पट्ट्या संपलेल्या. पण एवढं छोटं पिल्लू, गार अंग, पांढऱ्या हिरड्या आणि झटके म्हटलं की आधी साखरेचा संशय घ्यायचा. पुढच्या पायावरचे केस कापले, दोऱ्याएवढी शीर शोधली आणि डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, पातळ करून हळूहळू सोडलं.

थोड्या वेळात पाय थांबले. मग मान वर आली. मग त्या पांढऱ्या लोकरीच्या गुंड्याने माझा ग्लोव्ह चाटला. पूजाने टॉवेल तोंडावर धरला.

मिरगी साखरेने अशी उठून बसत नाही. मी विचारलं, "आज काय खाल्लं त्याने?"

काकू म्हणाल्या, "आज काय न्हाई बाई. सोमवार हाय ना. त्याचा उपास असतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण काकू कौतुकाने सांगायला लागल्या. पिल्लू पूजाच्या माहेराहून, नांदेडहून आलेलं. कापरासारखं पांढरं म्हणून नाव कापूर. घरात सगळ्यांचे महादेवाचे सोमवार. श्रावण लागला आणि पहिल्याच सोमवारी कापूरने तोंडाला काही लावलं नाही. पूजाअर्चा चालू असताना देवासमोर बसून राहिला. गल्लीत बातमी झाली. लोक बघायला आले. कुणीतरी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. आता दर सोमवारी लोक येतात, हात जोडतात. आणि संध्याकाळ झाली की पिल्लू पडतं.

माझे वडील छोटा छापखाना चालवतात. सभांची, मोर्चांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांची प्रुफं वाचून. त्यामुळे असं काही ऐकलं की माझ्या तोंडातून जे निघतं, त्याला पत्रकाची चाल असते.

"काकू, हा उपास नाही. ही उपासमार आहे," मी म्हणाले. आणि तिथे थांबले नाही. मुक्या जिवाला देव दाखवून उपाशी मारणं, गर्दी जमवणं, व्हिडिओ काढणं, सगळं बोलले. मधेच, साखर उतरली होती, हेही बोलले. पण त्या सगळ्या गदारोळात.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी औषधाचं बगा. देवाचं आमचं आमी बगतो. आन् शुगर माणसाला असती. मला किती वर्षं झाली हाय. कुत्र्याला कुठली आली शुगर?"

पिल्लू उचलून ते निघाले. मी दारात काकूंच्या हातात एक पत्रक दिलं. आमच्याच छापखान्यातलं, श्रद्धा आणि अंधश्रद्धा यावरचं. काकूंनी ते घडी करून पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. सर सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. आयुष्य म्हशींच्या बाळंतपणात गेलं. ते म्हणाले, "औषध थेंबभर आणि भाषण बादलीभर. असं चालत नाही."

मी म्हणाले, "मग खोटं बोलू का?"

"कोण म्हणतंय खोटं बोला? पेशंटला चार पाय असले तरी तो मालकाच्या पायांनी येतो. मालक गेला की पेशंट गेला."

मला राग आला. पण मुद्दा खरा होता.

इथे थोडं समजून सांगते. मोठं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर सहसा काही बिघडत नाही. त्याच्या यकृतात आणि अंगावरच्या चरबीत साठा असतो. पण पामेरियनसारख्या छोट्या जातीच्या, दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाचा साठा म्हणजे काडेपेटीतल्या दोन काड्या. थोडे तास पोट रिकामं राहिलं की संपला. त्यात अंग छोटं, म्हणून ऊब लवकर उडते. पोटात जंत असतील तर आणखी वाईट. साखर उतरली की आधी पिल्लू सुस्त होतं, मग लटपटतं, मग झटके येतात. वेळेवर साखर मिळाली नाही तर मरतं. म्हणून अशा पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं. रोज. वार कुठलाही असो.

आठवड्याच्या मधे पूजाचा फोन आला. आवाज दबका. म्हणाली, बाकीचे दिवस ती खायला देते, पण सोमवारी स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात. रविवारी झोपायच्या आधीच कापूरची ताटली घासून पालथी पडते. येणारा सोमवार श्रावणातला शेवटचा. घरी अभिषेक, भजन. कापूरला संध्याकाळपर्यंत पूजेजवळ बसवायचं ठरलंय. आणि अप्पा म्हणालेत, पुन्हा मिरगी आली तर पिल्लू नांदेडला परत पाठवून देऊ.

"परत पाठवायला ते राहील का, मॅडम?" तिने विचारलं.

"तू घरात बोलत का नाहीस?"

"बोलायला लागले की कुणीतरी भाजी निवडायला देतं," ती म्हणाली. "माणसं चांगली हायत सगळी. पण ऐकून घ्यायची सवय न्हाई."

सोमवारी सकाळी मी सरांना सांगितलं, ताडकळसला जाते.

"बोलावलंय का?"

"नाही."

"मग कशाला?"

"पेशंट माझा आहे."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बादली इथंच ठेवून जा," म्हणाले.

स्कूटीवर वाटभर मी स्वतःला बजावत होते. देवाबद्दल एक शब्द नाही. एकही नाही.

अप्पांचं घर दुकानाच्या मागेच. दुपार व्हायची होती. पुढच्या खोलीत बायका बसलेल्या, भजनी मंडळाच्या पेट्या-टाळ येऊन पडलेले. पूजेच्या चौरंगाजवळ उशीवर कापूर. गळ्यात छोटी रुद्राक्षमाळ. मान हलकेच खाली यायची, पुन्हा वर जायची. डोळे अर्धे मिटलेले. एक बाई मोबाईल धरून म्हणत होती, "बगा बगा, समाधी लागायली."

मला समाधी दिसत नव्हती. मला उतरत चाललेली साखर दिसत होती. उशीखाली ओलं होऊ नये म्हणून कागद घातला होता. मी वाकून पाहिलं. माझंच पत्रक. त्यावर कापूरने आपलं मत आधीच नोंदवलेलं होतं.

अप्पा पुढे आले. मागचं काही मनात ठेवल्याचं दिसलं नाही. "या मॅडम. फराळ करूनच जायचं."

"अप्पा, तुम्ही केलात का फराळ?"

ते हसले. "माझी गोळी असती ना सकाळची. राजगिऱ्याचे दोन लाडू खाऊन घेतले. महादेवाला माहीत हाय. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, उपाशी ऱ्हायचं न्हाई."

"राहिलात तर काय होतं?"

ते सांगायला लागले. गेल्या वर्षी दुकानात, वजनकाट्याजवळ. आधी घाम फुटला. हात थरथरायला लागले. जीभ जड झाली. समोरचा माणूस काय म्हणायलाय ते कळेना. मग काही आठवत नाही. हमालांनी तोंडात साखर कोंबली तेव्हा डोळे उघडले. "मशीनवर बावन्न होती. अर्ध्या तासाचा पाव्हणा होतो, म्हणाले डॉक्टर."

मी कापूरकडे बोट दाखवलं. "त्याचे पाय बघा."

पुढचे दोन्ही पाय बारीक थरथरत होते.

अप्पा बघत राहिले. मी म्हणाले, "तुमची मशीन आणा."

"माझी?"

"माझी आणलीय मी, पट्ट्या विकत घेऊन. पण तिच्यावर तुमचा विश्वास कशाला बसेल? तुमची आणा."

पूजेच्या जागी रक्त काढायला काकूंनी हरकत घेतली. बरोबर होतं. अप्पांनी पिल्लू उचललं आणि दुकानात आले. मागोमाग निम्मं भजनी मंडळ आलं. अप्पांनी गल्ल्याच्या ड्रॉवरमधून मशीनची पिशवी काढली. मी नवी सुई लावली, कानाच्या कडेला टोचली. कापूर ओरडलासुद्धा नाही. हेच मला आवडलं नाही. थेंब पट्टीला लावला. मशीन अप्पांच्याच हातात दिली.

त्यांनी ती लांब धरली. मग चष्मा लावून जवळ धरली.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

माणसांच्या रक्तासाठी केलेली ही मशीन कुत्र्याची साखर थोडी कमी दाखवते. ते मी त्यांना तिथेच सांगितलं, कारण लपवणं माझ्या स्वभावात नाही. पण ती सूट दिली तरी आकडा धोक्याचाच होता. अप्पांना सूट नको होती. ते बावन्नमध्ये काट्याजवळ पडले होते.

"ह्याला सकाळून काय दिलं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तो खात न्हाई ना सोमवारी."

मी विचारलं, "देता का काकू?"

काकू आठवायला लागल्या. पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. त्याने वास घेतला आणि मागे सरला.

"आणि पुढच्या सोमवारी?"

"पुढच्या सोमवारी..." काकूंनी पदर सावरला. "ठिवलंच न्हाई. म्हटलं, उपास हाय त्याचा."

मोबाईलवाल्या बाईने मोबाईल खाली केला. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं. मी ते गिळलं. आयुष्यात इतकं कडू औषध मी कुणाला पाजलेलं नाही.

अप्पा आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात मधाची वाटी होती. पंचामृतासाठी चौरंगावर मांडलेली.

"अवो," काकू म्हणाल्या, "अभिषेक व्हायचाय अजून."

"लेकराला उपास नसतो," अप्पा म्हणाले.

मी पिल्लाचा ओठ उचलून दाखवला. मध ओतायचा नाही, शुद्ध हरपलेली असेल तर तो फुप्फुसात जातो. बोटाने हिरड्यांना चोळायचा. अप्पांनी भस्म लावायच्या त्याच बोटाने चोळला. दोनदा, तीनदा. कापूरने बोट चाटलं. मग बोट चावायला लागला.

तेवढ्यात पूजा आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातात कापूरची ताटली, सुलटी, आणि तिच्यात कुस्करलेला दहीभात. तिने ती जमिनीवर ठेवली. सोमवारी, त्या घरात, सगळ्यांसमोर. कापूर असा तुटून पडला की ताटली ढकलत ढकलत वजनकाट्यापर्यंत गेली आणि तिथे अडकली, तेव्हाच थांबली. एक म्हातारे टाळकरी म्हणाले, "महादेव जेवला म्हणायचं." मी त्यावरही काही बोलले नाही.

पुढचा अर्धा तास खाण्यापिण्यावर गेला. दूध-पोळी आणि दिवसभर बिस्किटं, एवढ्यावर पिल्लू वाढत नाही. अंडं सांगितलं. अप्पांनी कानावर हात ठेवला. मग पनीर, मऊ वरण-भात, दही, उकडलेला लाल भोपळा, असं ठरवलं. कांदा नाही, लसूण नाही. प्रसादातले बेदाणे तर अजिबात नाहीत, ते कुत्र्याची किडनी बाद करू शकतात. जंताचं औषध वजनावर मोजून तिथेच पाजलं. पण एवढ्याने सगळं भागत नाही, म्हणून पिल्लांचं तयार खाद्य थोडं तरी हवंच, यावर मी अडून बसले. मी बॅगेतून पाकीट काढलं.

अप्पांनी पाकिटावरचं कोंबडीचं चित्र पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. "सून घालील त्याला, वऱ्हांड्यात," म्हणाले. "पाकिटात काय हाय ते मला वाचून दाखवू नका."

मी वाचून दाखवलं नाही. न विचारता सांगायचं नाही आणि विचारलं तर लपवायचं नाही, एवढा नियम मी पाळते. त्यांनी विचारलं नव्हतं, उलट बजावलं होतं.

नंतर कापूर पुन्हा पडला नाही. लसीसाठी अप्पा स्वतः त्याला घेऊन परभणीला आले. सोमवारीच आले. सोबत काकूंनी दिलेला डबा होता, वाटेत त्याला भरवायला. वजन जवळपास दुप्पट झालं होतं. सरांनी त्याला तपासलं, अप्पांशी म्हशींवर गप्पा मारल्या, आणि त्याच दिवशी मशीनच्या पट्ट्यांचे दोन डबे मागवले.

माझी मतं होती तीच आहेत. पण क्लिनिकसाठी आम्ही एक नवं पत्रक छापलंय. वडिलांनी प्रूफ वाचलं आणि म्हणाले, यात कुणाला शिव्याच नाहीत, कोण वाचणार? अप्पांनी दुकानात काट्याच्या वर चिकटवलंय. त्यातलं पहिलंच वाक्य असं आहे: पिल्लू जेवत नाही असं वाटलं, तर आधी त्याची ताटली पालथी नाही ना, ते बघा.