आईच्या माघारी विचारलेला प्रश्न

प्रेमला मोरे यांनी ओरछा गेटजवळच्या एका खासगी दवाखान्यात सत्तावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. सुया उकळणे, जखमा बांधणे, रडणारी मुले धरून ठेवणे ही सर्व कामे त्यांनी विनातक्रार केली. त्यांना सहसा राग येत नसे. परंतु १९९७ सालच्या एका सोमवारी तो आला.

त्या सकाळी टहरौली गावच्या एका मजुराचा मुलगा ताप घेऊन आला होता. डॉक्टर रमाकांत यांनी नाडी धरण्यापूर्वीच त्याला दरडावले, “दारू पीते हो? गांजा?” मुलाने बापाकडे पाहिले व नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी ‘नाही’ असे लिहिले.

दुपारी सोळा वर्षांची बकुळ आली. घराणे जुन्या मराठी पुरोहितांचे, वडील बँकेत अधिकारी. मुलगी वर्गात पेंगत होती, जेवत नव्हती, दोनदा जिन्यावरून पडली होती. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिची आई विजयालक्ष्मीबाईच देत होत्या. डॉक्टरांनी चौथ्यांदा रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या.

“डॉक्टरसाहेब, नशेचं विचारायचं राहिलं,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“प्रेमलाताई, घर तरी बघा!”

“सकाळी घर बघूनच विचारलंत ना?”

विजयालक्ष्मीबाई ताडकन उठल्या. “सिस्टर, आमच्याकडे लसूणसुद्धा चालत नाही!”

“मग दहा मिनिटं बाहेर बसायला काय हरकत आहे, वहिनी? तिला एकटीला विचारायचं आहे.”

“विचारा, खुशाल विचारा! तुम्हीच तोंडघशी पडाल,” असे म्हणून त्या बाहेर गेल्या.

डॉक्टरांनी घसा खाकरला. “बेटी, तू तर असलं काही करत नसशील ना?”

प्रेमलाबाईंचा संताप आता आवरेना. “असं विचारलंत तर ती नाहीच म्हणणार! उत्तर तुम्हीच तिच्या हातात देताय.” त्यांनी खुर्ची बकुळीजवळ ओढली. “हे बघ, तू बोलशील ते इथेच राहील. तुझ्या जिवाला धोका असेल तरच घरी सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. गेल्या वर्षभरात दारू, गांजा, किंवा गुंगी यावी म्हणून एखादं औषध घेतलंस का?”

बकुळीने ओढणीचे टोक पिळले.

“खाँसी की दवा,” ती शाळेतल्या हिंदीत म्हणाली. “पूरी बोतल. रोज.”

“मैत्रिणींबरोबर?”

“अकेले.”

“सोडून पाहिलंस?”

“छूटती नहीं.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?” डॉक्टर म्हणाले.

“आपने पूछा कब?”

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी फाडली. खोकल्याचे एवढे औषध रोज घेतल्याने झोपेत श्वास बंद पडू शकतो, म्हणून आईला सांगणे भाग आहे, हे त्यांनी बकुळीला समजावले. “आप बताइए, पर मेरे सामने,” ती म्हणाली.

आत बोलावल्यावर विजयालक्ष्मीबाईंनी सर्व ऐकले. त्यांचे पहिले वाक्य होते, “हे कोणाला कळता कामा नये.”

“कळणार नाही,” प्रेमलाबाई म्हणाल्या, “पण उद्या सकाळी हिला मोठ्या इस्पितळात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायचं. मी सोबत येते.”

विजयालक्ष्मीबाई पिशवी उचलू लागल्या. बकुळीनेच विचारले, “कितने बजे?”

त्या दोघी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “बरं झालं, वेळेवर कळलं.”

“वेळेवर?” प्रेमलाबाई कडाडल्या. “याआधी तीन वेळा ती या खुर्चीत बसली, साहेब. तिन्ही वेळा मीही इथेच उभी होते, आणि विचारलं नाही.”