शंभलाला निघालेले आमचे हे

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांच्या डोक्यात शंभला शिरलं होतं. हिमालयापलीकडे, बर्फाच्या डोंगरांआड लपलेलं पुण्यवंतांचं राज्य. तिथे म्हणे आजार नाही, म्हातारपण नाही, आणि मन निर्मळ असेल त्यालाच वाट दिसते. हिंदूंच्या पुराणात आहे, बौद्धांच्या ग्रंथांत आहे, म्हणजे असणारच, हे ह्यांचं गणित. डॉक्टरांनी हृदय अशक्त म्हणून जिने चढायला मनाई केलेली, आणि हे डोंगर चढणार! समजावून, रडून, भांडून मी थकले. शेजारच्या बौद्ध वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही बुद्धाला मानणारे, आम्ही कुठे निघालोय? तुम्हालाच कसली घाई?" हे नुसते हसले. ते हसू पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाला रोज म्हणायचे, आता तूच बघ, माझ्याच्याने होत नाही.

निघायच्या सकाळी मी ह्यांच्या हातावर दही ठेवायला गेले. दही खाऊन निघालेला माणूस सुखरूप परततो, अशी आमच्याकडची रीत. ह्यांनी हात मागे घेतला. "परतायचं मनात असेल त्याला वाट दिसत नाही," म्हणाले. एवढी वर्षं संसार केला तो हे ऐकायला? "मग निदान शंकराचा निरोप तरी घ्या," मी म्हटलं. रागाने म्हटलं, भक्तीने नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. हे तरातरा उतरले, डोकं टेकवलं आणि वर येताना मधल्याच पायरीवर मटकन बसले. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम. मी ह्यांचा दंड धरला. तेवढ्यात दर्शनाला आलेली एक सिंधी बाई ह्यांच्या शेजारी बसली. ओढणीने घाम पुसत म्हणाली, "ऊपर देखो, भाईसाब. आहिस्ता सांस लो." त्या गाभाऱ्यावर छत नाही, वर आभाळ दिसतं. हे बघत राहिले. श्वास हळूहळू संथ झाला.

कुठे निघाला होतात, असं तिने विचारलं, तेव्हा मीच चिडून सगळं सांगितलं. ती ह्यांना म्हणाली, "हमारा घर सिंध में छूट गया. अब यहाँ पास में, शरणार्थियों के कॅम्प पाँच में रहती हूँ, पर वो घर रोज आँखों के सामने आता है. और आप अपना घर खुद छोड़ रहे हो?" ह्यांनी मान खाली घातली. तिने खांद्याचा आधार दिला, आम्ही वर आलो. ह्यांना रिक्षात बसवून मी वळले, तर ती दिसेनाशी झाली होती. तिला त्या वेळी तिथे कोणी आणलं, हे मी कुणाला विचारत बसले नाही.

बरं वाटल्यावर हे पिशवी घेऊन भाजीला निघाले. दारात थांबले, हात पुढे केला. "दही दे."

"कोपऱ्यावर जायला दही कशाला?" मी वैतागून विचारलं.

"परत यायचंय."

वाटी आणताना माझे डोळे भरून आले. देवावर मी सगळं सोपवलं होतं ते चिडून. त्याने ते तसंच, रागासकट घेतलं.