पाचव्या खुर्चीवरचा पंच

बॉक्सिंगमध्ये फेरी बरोबरीत सोडवता येत नाही. रिंगभोवती पाच पंच बसतात. प्रत्येक फेरीनंतर एका खेळाडूला दहा गुण लिहायचे आणि दुसऱ्याला नऊ. फरक मोठा असेल तर आठ. शेजारच्या पंचाकडे पाहायचे नाही, प्रेक्षकांचे ऐकायचे नाही. मी हे काम बरीच वर्षे केले. आता नव्या पंचांची परीक्षा घेतो. बरोबरी नाही, हा नियम मी माझ्या मित्राला तीन वेळा समजावला होता. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली होती.

तो मूळचा पैलवान. नंतर जत्रांच्या मैदानांत कुस्त्यांचा पंच. गुडघे गेले आणि मातीत जोडीभोवती फिरणे त्याला जमेना, तेव्हा लोकांनी सन्मानाने फेटा बांधून त्याला स्टेजवर बसवले. घरी येऊन त्याने तो फेटा काढला आणि महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. मग एके दिवशी माझ्याकडे आला.

"तुमच्या खेळात पंच खुर्चीवर बसतोय म्हणं," तो म्हणाला. "मला शिकीव."

पंचगिरी करण्याचा एवढाच मार्ग त्याला उरला होता, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत त्याची परीक्षा ठरली. हा माझा मित्र आहे, दुसरा परीक्षक द्या, असे मी लेखी कळवले होते. दुसरा परीक्षक नव्हता. पंचही एक कमी होता. त्यामुळे परीक्षार्थीलाच पाचवी खुर्ची मिळाली आणि त्याचे गुण निकालात धरायचे ठरले.

त्या दिवशीच्या एका लढतीत लाल कोपऱ्यात कोल्हापूरची मुलगी होती, निळ्यात इचलकरंजीची. निळीचे वडील यंत्रमागावरची पाळी संपवून तसेच आले होते. केसांत कापसाचे तंतू होते. बाकी सारे सभागृह लालच्या बाजूचे. लालने हात उचलला की आरोळी उठे, मग ठोसा लागो वा न लागो.

पंचप्रमुखही मीच होतो, म्हणून तिसऱ्या फेरीनंतर चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. तीन फेऱ्यांची बेरीज पाहता दोन पंच लालकडे, दोन निळीकडे. मित्राने पहिली फेरी लालला आणि दुसरी निळीला दिली होती. तिसरीच्या चिठ्ठीवर त्याने लिहिले होते : दहा, दहा.

मी चिठ्ठी घेऊन त्याच्या खुर्चीपाशी गेलो.

"एकीला नऊ लिही."

"दोघी बरोबर हाईत की. खोटं कसं लिवू?"

"नियम आहे."

"मग नियमालाच बसीव हितं."

मागून कोणीतरी ओरडले की पावण्यांचा चष्मा घरी राहिला असेल तर गाडी पाठवतो. सगळे हसले. मित्र हसला नाही. त्याने डोळे मिटले. मांडीवर त्याच्या मुठी बारीक हलत होत्या. झालेली फेरी तो पुन्हा खेळत होता. मग त्याने चिठ्ठी घेतली आणि लालपुढे नऊ लिहिले.

नंतर त्याने कारण सांगितले. लालचे ठोसे जास्त होते, पण उघड्या पंजाचे, म्हणजे न मोजायचे. निळीचे चारच लागले, ते मिटल्या मुठीचे. कारण अचूक होते. तेवढ्यावर तो उत्तीर्ण झाला असता.

निळीचा हात वर झाला. त्याबरोबर मित्र खुर्चीवरून उठला आणि लंगडत लाल कोपऱ्याकडे गेला. कुस्तीच्या मैदानात हरलेल्या पैलवानाच्या पाठीवर पंचाने हात ठेवायचा असतो. त्याने तो ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरी, तू हरली न्हाईस. मला एकीला लिवायला लागलं, म्हणून लिवलं."

पाचच मिनिटांत तिच्या प्रशिक्षकाने लेखी हरकत घेतली : मुलगी हरलेली नाही, असे पंच स्वतःच सांगतात. निळीचे वडील भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले. मी हरकत फेटाळली. निकाल चिठ्ठीचा असतो, तोंडचा नसतो. मग मित्राचा अहवाल लिहायला घेतला. खेळाडूशी बोलला. अनुत्तीर्ण.

कागद मी स्वतःच त्याच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"हरलेल्याच्या पाठीवर हात ठिवायचा न्हाई, तर माणूस कशाला बसवताय?"

"ठेव. सगळ्या लढती झाल्यावर, पंचाचा हा पांढरा शर्ट उतरवून आणि तोंड बंद ठेवून."

त्याच्या बायकोने मला आठवडाभर चहा विचारला नाही. तिचे बरोबर होते.

तो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात उभा होता. हातात नातवाचा फोन. पुढची परीक्षा कधी, एवढेच त्याने विचारले. तेव्हापासून आम्ही रोज त्या फोनवर एक लढत पाहतो. प्रत्येक फेरीनंतर फोन थांबवायचा, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण लिहायचे आणि मग कागद उघडायचे. पहिल्या पंधरवड्यात तो एकेका नऊसाठी दहा मिनिटे घेई. आता घेत नाही.

काल एका फेरीत आमचे गुण जुळले नाहीत. ती फेरी आम्ही पुन्हा पाहिली. चूक माझी होती. मी तसे त्याला सांगितले. खुर्ची थोडी पुढे ओढून त्याने पुढची फेरी लावली.